करीम, येतंय का ऐकू?

वायरी पेटीत ठेवताना आम्ही नीट गुंडाळून ठेवतो. पुढच्या कार्यक्रमाला पेटी उघडली की त्या एकमेकींत अडकलेल्या निघतात. दुकानातल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक ओढली की तिच्यासोबत दुसरी येते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहून काढतो.

दुकान लातूरला, करीमचाचांचं. आधी भोंगे आणि माईक भाड्यानं द्यायचे, मग डीजे आला. आम्ही तिघं. चाचा मालक. बालाजी डीजे, तोंडाचा तिखट. आणि मी, जळकोटचा, नववीत शाळा सोडलेला. लॅपटॉप मीच शिकून घेतला, कारण चाचांचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि बालाजीला शिकायचा कंटाळा होता.

*

चाचांची माईक तपासायची एक पद्धत होती. एकानं माईकवर बोलायचं, दुसऱ्यानं मैदानाच्या टोकाला, शेवटच्या स्पीकरपाशी उभं राहायचं. तिथं आवाज साफ पोचला की त्यानं हात वर करायचा. हात दिसेपर्यंत माईकवाल्यानं सोडायचं नाही.

यात नवल काही नाही. नवल हे, की चाचा माईकवर "हॅलो, टेस्टिंग" म्हणत नसत. ते म्हणत, "करीम, येतंय का ऐकू?"

पहिल्या दिवशी मी शेवटच्या स्पीकरपाशी होतो. मला वाटलं, इथं आणखी कुणी करीम आहे. मी आजूबाजूला पाहत राहिलो.

बालाजी लांबून ओरडला, "अरे, हात वर कर की. चाचा सोताचीच चौकशी करायलेत."

चाचा स्वतः मात्र शेवटच्या स्पीकरपाशी कधी जात नसत. पाय दुखतात म्हणत. त्याच पायांनी दिवसभर शिडी चढत.

*

नांदेडच्या एका कोचिंग क्लासनं नव्या बॅचच्या स्वागताला आम्हाला बोलावलं. मंगल कार्यालय भरलेलं. गावागावांतून आलेली पोरं, ट्रंका अजून होस्टेलवर उघडलेल्याही नसतील. मागं आईबाप हातात पिशव्या घेऊन उभे. सर गंभीरपणे सांगत होते, "मोबाईल, सिनेमा, गाणी. दोन वर्षं सगळं विसरायचं."

तेवढ्यात सगळ्या स्पीकरांतून वरातीचं गाणं सुरू झालं.

झालं होतं असं. सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा असतात. एक हॉलच्या स्पीकरांकडे जाते, दुसरी डीजेच्या हेडफोनकडे, पुढचं गाणं गुपचूप ऐकून ठेवायला. सरांचं भाषण चालू असतानाच मी लॅपटॉपवर काहीतरी बदलायला गेलो आणि दोन्ही वाटा उलट्या जोडल्या. बालाजी हेडफोन लावून, डोळे मिटून मान हलवत होता. सरांचा माईक त्याच्या कानात आणि त्याचं गाणं पाचशे पोरांच्या. त्याला वाटलं, हेडफोन बिघडला. तो आवाज आणखी वाढवत गेला.

मी धावत जाऊन वायर काढली. हॉल गप्प झाला. सर माईकशिवायच म्हणाले, "ऐकून घेतलंत ना? हीच तुमची दोन वर्षांची सुट्टी."

त्या दिवशी एका पोराचा बाप मला हळूच विचारून गेला, "तुम्ही इंजिनिअर हाव का?" मी खाली बघून नाही म्हणालो. घरी येऊन नववीची जुनी वही काढली आणि कोऱ्या पानांवर आमच्या सगळ्या वाटा आखल्या. कुठली वायर कुठल्या भोकात, तिथून कुठल्या चॅनेलला, तिथून कुठं.

*

मुखेडला बाजाराच्या दिवशी वरात होती. समोरून अंत्ययात्रा आली. अशा वेळी वाजवणं थांबवायचं, हा चाचांचा नियम. चाचांनी हात केला, बालाजीनं आवाजाचा फेडर सर्रकन खाली ओढला.

गाणं थांबलं, पण घुमणं थांबेना. गाण्यातला शेवटचा शब्द "नाच... नाच... नाच..." करत तिरडीवरून पुढं गेला.

चूक माझी. इफेक्ट मी फेडरच्या नंतर लावला होता. फेडर म्हणजे नळ समजा. घुमवणारा इफेक्ट नळाच्या आधी असला, तर नळ बंद केला की सगळंच बंद. नळानंतर असला, तर आत गेलेला आवाज नळ बंद केल्यावरही घुमत राहतो, हळूहळू विरतो. नाचणाऱ्यांना ते गोड वाटतं. मी त्यांच्यासाठीच लावला होता.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली. खांदेकऱ्यांपुढं मडकं धरून चाललेल्या मुलापाशी गेले, म्हणाले, "माफ करा. आमच्याकडून चूक झाली."

तो मुलगा थांबला. म्हणाला, "राहू द्या, चाचा. आमच्या आबाला वाजंत्री लई आवडायची. चार पावलं तर चार पावलं."

दुकानात आल्यावर चाचांनी लॅपटॉपच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली आणि मला लिहायला लावलं: "इफेक्ट फेडरच्या आधी." मी लिहिलं. बालाजी म्हणाला, "ह्याला अक्षर तरी चांगलं हाय."

*

एक दिवस चाचांनी गल्ल्यामागच्या कपाटातून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. बालाजी तेव्हा चहाला गेला होता.

"हे लॅपटॉपमध्ये घेता येतं का रे, बेटा?"

मग त्यांनी सांगितलं. भोंग्यांच्या धंद्यात त्यांचा एक भागीदार होता, गणपत. शेतकरी माणूस, किल्लारीकडच्या एका गावचा. माईकवर नेहमी गणपत असायचा आणि शेवटच्या भोंग्यापाशी चाचा. विसर्जनाच्या दिवशी दोघं त्याच्याच गावात होते. नवा टेपडेक घेतला होता. रेकॉर्डिंग होतं का बघावं म्हणून गणपतनं दुपारचं टेस्टिंगच रेकॉर्ड केलं. विसर्जन झाल्यावर चाचा डेक घेऊन लातूरला आले. गणपत उरलेल्या सामानाजवळ घरीच राहिला. पहाटे भूकंप झाला.

"किती आहे रेकॉर्डिंग?" मी विचारलं.

"एकच वाक्य. 'करीम, येतंय का ऐकू?' आणि खट. मी हात वर केला, त्यानं बटण दाबलं. आपली रीतच तशी." चाचा कॅसेटकडं पाहत होते. "मी हात लई घाईनं वर केला, बेटा. जरा दम धरला असता तर तो आणखी काही बोलला असता."

टेप जागोजागी चुरगळली होती. एकदा-दोनदा चालेल, मग नाही, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं.

मी डेक जोडला. चाचांच्या कानाला हेडफोन दिले. टेप फिरली, कुरकुरली, थांबली. चाचांनी डोळे पुसले. मी फाईल वाजवून पाहिली, तर तिच्यात गणपत नव्हताच.

वाट चुकली होती. वहीत सगळ्या वाटा आखल्या होत्या, ही आखायची राहिली होती. रेकॉर्डिंगला डेकऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा माईक जोडलेला होता. फाईलमध्ये दुकानातला पंखा होता, बाहेरची एक स्कूटर होती आणि चाचांचा अगदी हळू आवाज, "थांब की जरा, गणपत."

मी चाचांना एवढंच सांगितलं, चुकलं, परत घेऊ. त्यांनी कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. मी वहीत नवी रेघ ओढली, चारदा तपासली, मग बटण दाबलं. ह्या वेळी आवाज आला. जाड, हसरा, थोडा खरखरीत. करीम, येतंय का ऐकू? खट.

तिसऱ्यांदा ती टेप लावायची हिंमत कुणी केली नाही. पहिली फाईल मी पुसली नाही.

*

गणपतचं गाव आता नव्या जागी वसलंय. सरळ रस्ते, एकसारखी घरं. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी सकाळी तिथं लोक जमतात, मेलेल्यांची नावं वाचली जातात. माईक आमचा असतो. चाचा त्याचं भाडं घेत नाहीत.

कॅसेट काढली त्या वर्षी आम्ही लवकर पोचलो. मंडपात सतरंज्या अंथरणाऱ्या दोन बायका सोडल्या तर कुणी नव्हतं. स्पीकर लावून झाले. चाचा सवयीनं माईककडं आले.

मी म्हणालो, "चाचा, आज टेस्टिंग मी करतो. तुम्ही तिकडं जाता का?"

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याशी क्वचितच बोललो असेन. बालाजी म्हणाला, "अरे, चाचांचे पाय..." आणि चाचांचा चेहरा पाहून थांबला.

चाचा गेले. लांब होतं ते. सगळ्या मंडपाच्या पलीकडं, लिंबापाशी शेवटचा स्पीकर होता. तिथं पोचून ते आमच्याकडं तोंड करून उभे राहिले.

मी लॅपटॉपच्या कडेची पांढरी पट्टी काढली. इफेक्ट फेडरच्या नंतर नेला. फाईल लावली.

"करीम, येतंय का ऐकू?"

सतरंजीवाली एक बाई जागीच उठून उभी राहिली. खट वाजायच्या आत मी फेडर खाली ओढला. आवाज तुटला नाही. येतंय का ऐकू... का ऐकू... ऐकू... मंडपातून लिंबाकडं गेला, लिंबापलीकडं घरांवरून गेला, बारीक होत गेला.

चाचांचे हात खालीच होते.

बालाजी कुजबुजला, "तिकडं पोचंना का रे?"

आवाज पूर्ण विरला. लिंबावर एक होला घुमला, तोही गप्प झाला. चाचा तसेच उभे.

मग त्यांनी सावकाश हात वर केला.