पेटीभर गप्पी
माशांच्या खाण्याची डबी उघडली, की त्या कोरड्या, खारट वासाबरोबर जळगावातलं एक दुकान आठवतं. नव्वदच्या आसपास मला नुकतीच नोकरी लागली होती. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतले मासे बघण्यात आमचे आबा इतके रमले होते, की त्यांना स्वतःचा नंबर पुकारलेला ऐकू आला नाही. म्हणून पहिल्या पगारातून त्यांना तशीच पेटी घ्यायची मी ठरवली. आबांना घेऊन दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, “दोन गोल्डफिश ठेवा, चांगले मोठे होतील. नाहीतर पसाभर गप्पी घ्या.” केळीच्या बागेवर शिकलेला मी शहाणपणानं म्हणालो, “दोनच द्या. आबा, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापली, तरच घड भरतो ना?” आबा मात्र रंगीत शेपट्यांच्या गप्पींपुढून हलेनात. “अरे बाप्पा, वावरात घडासाठी कापा लागतं. इथं काय घड इकायचा हाये? र्‍हाऊ दे ना सगये!” दुकानदार खो खो हसला. फैजपूरच्या एसटीत आबांनी गप्पींची पिशवी मांडीवर धरली आणि उतरेपर्यंत सगळ्या गाडीला दाखवली. आज माझ्या पेटीत गर्दी झाली, की मी मासे कमी करत नाही. दुसरी पेटी आणतो.