आपोआप चढणारं धुकं

नाटकाच्या प्रयोगात एक माणूस असा असतो, की तो चुकला तरच तो आहे हे लोकांना कळतं. तो विंगेत स्टुलावर बसतो, गुडघ्यांवर संहिता उघडी ठेवतो आणि नटाची जीभ अडली की हळूच पुढचा शब्द सरकवतो. पुटपुटे हे त्यांतले. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नाटक कंपनीनं थट्टेत दिलेलं नाव, पण ते असं चिकटलं की दूधवालासुद्धा दारात येऊन "पुटपुटे आहेत का?" म्हणून विचारायचा.

त्यांचा आवाज म्हणजे एक करामतच होती. पहिल्या रांगेला ऐकू जायचा नाही, पण रंगमंचाच्या पलीकडच्या टोकाला रडत बसलेल्या नायिकेच्या कानात नेमका पोचायचा. थोरल्या बाई, म्हणजे कंपनीच्या नायिका, ऐन रंगात आल्या की वाक्य विसरायच्या. मग रुमाल डोळ्यांना लावून एक हुंदका द्यायच्या. तो हुंदका म्हणजे पुटपुट्यांना मारलेली हाक. प्रेक्षक हळहळायचे, "काय ताकद आहे बाईंच्या नुसत्या गप्प बसण्यात!" आणि पुटपुटे हसू दाबून पुढचं वाक्य द्यायचे. टाळ्या बाईंना. त्याचं त्यांना कधी वावगं वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र एके सकाळी चहा पिता पिता ते बायकोला म्हणाले, "मला आता स्वतःचं असं काहीतरी करायचंय."

"आधी स्वतःचा कप विसळा," बायको म्हणाली.

कप विसळून ते घराबाहेर पडले आणि संध्याकाळी आले ते चित्रकलेच्या वर्गात नाव घालूनच. चित्रकलाच का? तर आयुष्यभर त्यांनी रंगवलेल्या पडद्यांची मागची बाजू पाहिली होती. डोंगर, तळं, धुक्यातली पहाट, सगळं प्रेक्षकांच्या बाजूला. यांच्या वाट्याला ठिगळं, खिळे आणि लाकडी चौकट. कधीतरी ती पहाट समोरून बघावी, आणि बघायचीच तर स्वतः रंगवून बघावी, एवढी साधी हौस.

वर्ग टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. जिना चढताना रबराचा वास, दार उघडलं की टर्पेंटाइनचा. शिकायला येणारी बहुतेक वय झालेली मंडळी. पुटपुट्यांच्या शेजारी एक दंतवैद्यबाई बसायच्या. त्या ब्रश अशा धरायच्या, की समोरच्या डोंगराची दाढच काढणार आहेत. मास्तर पन्नाशीचे, शिडशिडीत, जिभेवर साखर. शिकवायचे मन लावून. जवळचं गडद आणि उबदार, लांबचं फिकट आणि निळसर. पाणी आणि काठ भेटतात तिथं रेघ मारायची नाही, ती कड हरवू द्यायची. "काका, निसर्गात रेघ नसते हो," ते म्हणायचे. पुटपुटे मान डोलवायचे आणि रेघ मारायचे.

त्यांचे डोंगर उकडलेल्या बटाट्यासारखे दिसायचे, हे त्यांनाही दिसत होतं. पण मास्तरांकडे त्यावर उपाय होता. वर्ग सुटताना ते टाळी वाजवायचे, "चला, चित्रं भिंतीकडे! तेलरंगाला एकांत लागतो. आठ दिवस त्याच्याकडे बघायचं नाही. रंग बसतो, आणि धुकं आपोआप चढतं."

आणि खरोखर चढायचं! पुढच्या आठवड्यात चित्र सरळ केलं, की बटाट्याचा डोंगर झालेला असायचा. पायथा विरघळलेला, पाण्यावर वाफ धरलेली, लांबचं झाड आहे की नाही असं. दंतवैद्यबाई आनंदानं चीत्कारायच्या. पुटपुट्यांच्या अंगावर काटा यायचा. आपल्या हातात हे होतं, आणि साठी उलटेपर्यंत आपल्याला पत्ता नव्हता!

तेलरंग वाळताना जरा मंदावतो, हे खरंच आहे. तेवढ्या खऱ्याच्या खुंटीवर मास्तरांनी बाकीचं टांगलं होतं.

पुटपुट्यांनी घरीही एक लहान चित्र केलं आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आठ दिवसांनी काढलं, तर बटाटा तसाच.

"भिंतीचा दोष असेल," बायको म्हणाली.

त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर ब्रश पुसत म्हणाले, "घरातली हवा कोरडी असते ना, काका." मग पुटपुट्यांनी चित्राशेजारी ओला टॉवेल वाळत घातला. टॉवेल वाळला. धुकं काही चढलं नाही. बायको आठवडाभर हसत होती आणि तेही तिच्यात सामील झाले होते, कारण वर्गातली चित्रं होती ना साक्षीला!

वर्षाखेरीला मास्तरांनी प्रदर्शन ठरवलं, आणि कुठे? तर पुटपुट्यांच्याच नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात. उद्घाटनाला थोरल्या बाई येणार. पुटपुट्यांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. त्यांनी मोठा कॅनव्हास घेतला: पहाटेचं तळं, मागे डोंगर. डोंगर रंगवून महिनाभर पक्का वाळू दिला. शेवटच्या वर्गाला पाण्यावरून पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवला आणि चित्र भिंतीकडे केलं. जुन्या नटांना, रंगभूषा करणाऱ्याला, पडदा ओढणाऱ्याला स्वतः जाऊन आमंत्रणं दिली. "माझं चित्र आहे," एवढंच सांगायचे. 'माझं' म्हणताना आवाज चक्क पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढा व्हायचा.

शेवटच्या वर्गाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, वाचायचा चष्मा वर्गातच राहिला. ते जिना चढले. दार अर्धवट उघडं होतं. आयुष्यभराची सवय, दारासमोर न जाता ते बाजूला उभे राहिले आणि तिरकं आत बघितलं, विंगेतून बघावं तसं.

भिंतीकडे तोंड केलेली सगळी चित्रं सरळ झाली होती. मास्तर हातात रुंद, मऊ, कोरडा ब्रश घेऊन पुटपुट्यांच्या तळ्यापुढे उभे होते. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी फिकट करडा रंग लावला आणि ब्रश हवेत तरंगावा इतका हलका फिरवला. कड हरवली. पुन्हा एकदा फिरवला, आणि पाण्यावर वाफ धरली. मास्तर शीळ घालत होते. मग ते दंतवैद्यबाईंच्या चित्राकडे वळले.

लोक डोळ्यांत धूळ फेकतात. यानं धुकं फेकलं. ओला टॉवेल आठवला आणि कानशिलं तापली. घरच्या चित्राचं विचारलं तेव्हा हा माणूस मनात किती हसला असेल! पुटपुटे आल्या पावली खाली उतरले.

"चष्मा?" बायकोनं विचारलं.

"दिसतंय मला," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोन दिवस त्यांनी स्वतःचीच समजूत घालून पाहिली. आपणही हेच नाही का केलं जन्मभर? दुसऱ्याची अडलेली जीभ सोडवली, टाळ्या त्याला मिळू दिल्या. मग या मास्तरावर राग कसला? पण राग जाईना. फरक कुठेतरी होता, आणि तो सापडला तेव्हा ते उठले आणि सरळ वर्गात गेले. मास्तर एकटेच होते.

"या काका! बघा तुमचं तळं, काय धुकं चढलंय!"

"परवा चढताना बघितलं मी," पुटपुटे म्हणाले. "शीळसुद्धा छान घालता."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची पुढे केली. पुटपुटे बसले नाहीत.

"काका, तुम्ही तरी समजून घ्या. लोक हौसेनं येतात. दोन महिन्यांत स्वतःच्या डोंगराची लाज वाटते आणि ब्रश माळ्यावर जातात. मी थोडा हात देतो, म्हणून टिकतात. खूश असतात. कुणाचं काय बिघडलं?"

"मी रंगमंचावर शब्द द्यायचो, मास्तर. पण ज्याला द्यायचो, त्याला तो ऐकू यायचा. बाईंना ठाऊक असायचं की हे वाक्य विंगेतून आलंय. तुम्ही मलाच ऐकू दिलं नाहीत."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही टिकला असतात?"

"कोण जाणे. ते ठरवायचं कुणी, मी की तुम्ही?" त्यांनी टेबलावरच्या रुंद ब्रशकडे बोट केलं. "मला धुकं नको होतं हो, मला ते काढायला शिकायचं होतं. एकदा तुमचा तो ब्रश हातात दिला असतात तर?"

मास्तर ब्रशकडे बघत राहिले. "तो हात यायला वर्षं लागतात," ते पुटपुटले.

"एक वर्ष तर झालंच होतं," म्हणून पुटपुट्यांनी चित्र उचललं. "चौकट मी करून घेतो."

घरी गच्चीवर त्यांनी चित्र आडवं ठेवलं, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि पुसायला लागले. वरचं धुकं ओलं होतं, सहज निघत होतं. खालचा डोंगर पक्का होता, तो जागचा हलला नाही. बायको धावत आली.

"अहो, काय करताय! एवढं चांगलं होतं!"

"चांगलंच होतं. दुसऱ्याचं होतं."

ती बघत उभी राहिली. मग आत जाऊन आणखी एक चिंधी घेऊन आली. कॅनव्हासच्या विणीत शिरलेलं थोडं करडं काही केल्या निघालं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी दालन भरून गेलं. सगळीकडे धुकंच धुकं, आणि मध्येच एक निळाशार, कडक रेघेचा डोंगर, पाण्याच्या काठाशी कात्रीनं कापल्यासारखा. थोरल्या बाई काठी टेकत आल्या. भाषणात म्हणाल्या, "जन्मभर या माणसानं आम्हाला शब्द दिले. आज पहिल्यांदा त्याचं स्वतःचं काहीतरी बघायला आलेय मी. पुटपुट्या, बोल बाबा दोन शब्द. आज मोठ्यानं बोल."

पुटपुटे पुढे झाले. समोर सगळी कंपनी. तेवढ्यात खांबाआडून मास्तरांचा हलका आवाज आला, "गुरुजनांच्या आशीर्वादानं..."

"राहू द्या, मास्तर," पुटपुटे मोठ्यानं म्हणाले. "मला पाठ आहे." लोक हसले. ते हसणं विरेपर्यंत थांबून ते म्हणाले, "माझ्या चित्रावर धुकं होतं. ते माझं नव्हतं, म्हणून पुसलं. खालचा डोंगर माझा आहे. बरा नाही जमला. आमंत्रण देताना मी 'माझं' म्हणालो होतो, ते एवढंच आहे."

ते बाजूला झाले. कुणी टाळी वाजवली, कुणी नाही. थोरल्या बाई डोंगरापुढे बराच वेळ उभ्या होत्या. रुमाल त्यांनी डोळ्यांना लावला, आणि या वेळी त्यांना कुठलंही वाक्य आठवायचं नव्हतं.

पुटपुटे बायकोचा हात धरून दाराकडे निघाले, तेव्हा दंतवैद्यबाई आड आल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचं तळं होतं, सुरेख वाफ धरलेलं, आणि त्यासमोर त्यांची नात मैत्रिणीला सांगत होती, "हे माझ्या आजीनं काढलंय."

"पुटपुटे," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माझंपण?"

त्या वाट बघत राहिल्या, थोरल्या बाई बघायच्या तशा. पुढचं वाक्य पुटपुट्यांच्या ओठांवर होतं. मागे ती नात अजून आजीकडे बोट दाखवत होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागितलेला शब्द दिला नाही.