दोनच सीटची गाडी

गाडी शिकवायच्या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून ज्यांनी तेहेतीस वर्षं काढली, त्या गृहस्थांना लोक ब्रेकमास्तर म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? कुणाच्याही गाडीत बाजूला बसले की त्यांचा पाय आपोआप पुढे जायचा आणि नुसतीच चटई दाबायचा. पाच-सहा हजार माणसं त्यांच्या हाताखालून गेली, पण एकाच्याही अंगावर मास्तर कधी ओरडले नाहीत. गाडी फुटपाथवर चढली तरी म्हणायचे, "छान. आता हीच सावकाश खाली घेऊ."

साठी उलटल्यावर त्यांनी क्लास एका जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली केला. भिंतीवरचे खुणांचे तक्ते, टेबलावरचा मधोमध कापलेला गिअरबॉक्स, सगळं तिथंच ठेवून घरी आले. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, दाराची कडी कशी लावायची हेही मला शिकवून झालं. आता कृपा करा आणि बाहेर काहीतरी उद्योग शोधा."

उद्योग मास्तरांच्या डोक्यात तिशीपासून घर करून बसला होता. त्यांना स्पोर्ट्स कार हवी होती. ठेंगणी, दोन दारांची, टप मागे टाकता येणारी. आयुष्यभर लोकांना चाळिसाच्या आत ठेवलं, आता जरा स्वतःला मोकळं सोडावं, एवढीच इच्छा. नवी कोरी आवाक्याबाहेरची, म्हणून वापरलेली बघायची ठरली. आणि योग असा, की एकाच गाडीच्या दोन पिढ्या एकाच आठवड्यात विकायला निघाल्या. जुन्या पिढीतली बावीस वर्षांची, लाल, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. नव्या पिढीतली सहा वर्षांची, राखाडी, जुन्या गाड्यांच्या दुकानात.

आता कुणालाही वाटेल, यात एवढं काय अवघड? चालवून बघा, आवडेल ती घ्या. पण मास्तरांचं घोडं भलत्याच ठिकाणी अडलं होतं. जुनीत सीट दोनच. नवीत पुढच्या दोन सीटच्या पाठीमागे आणखी दोन, नावाला का होईना. आणि मास्तरांची बायको तीस वर्षांत गाडीत पुढे बसली नव्हती.

लोकांना ती गंमत वाटायची. मास्तर पुढे, बाई मागे, जशी काही भाड्याची गाडी केली आहे. कुणी विचारलं तर बाई हसून म्हणायच्या, "आम्ही पॅसेंजर. पॅसेंजरनं मागेच बसावं." लोक हसायचे. मास्तरही हसायचे, पण त्यांना खरं कारण ठाऊक होतं.

लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली. क्लास नवा, मास्तर तरुण, डोकं गरम. भर चौकात तिनं क्लच लवकर सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून कान किटवले आणि मास्तर सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडले, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं! तुझे हात कुठल्याच कामाचे नाहीत!" हे कुणाला? तर जी बाई रोज डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा घड्याळात बसवते, तिला. ती उतरली, दार हळूच लावलं आणि चालत घरी गेली. त्या दिवसापासून ती मागे बसू लागली. मास्तर दुसऱ्या कुणावर पुन्हा कधी ओरडले नाहीत, तेही त्या दिवसापासूनच. फक्त जिला सांगायला हवं होतं तिला 'चुकलं' म्हणायचं राहून गेलं. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता मुलगी मोठी होऊन परगावी नोकरीला लागली, तरी ते राहूनच गेलं.

आता काळजी ही, की दोन सीटची गाडी घरी आणली आणि बायको म्हणाली, 'मला मागे जागा नाही, तुम्ही या जाऊन,' तर? उरलेली वर्षं एकट्यानं वारा खात फिरायचं? तसली स्पोर्ट्स कार मास्तरांना फुकटातही नको होती.

म्हणून ते आधी नवी बघायला गेले. दुकानदार तोंडात साखर ठेवूनच बोलत होता. त्यानं दार उघडून धरलं, तर मास्तर सवयीनं दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि चालवणाऱ्याची वाट बघू लागले. दुकानदार म्हणाला, "साहेब, चालवायची तुम्हालाच आहे ना?"

मग चालवली. कशी? आरसा बघून, इशारा देऊन, दोन्ही हात चाकावर, काटा पस्तिसावर. मोकळ्या रस्त्यावर सायकलवाले पुढे निघून गेले. दुकानदारानं दोनदा घसा खाकरला. "साहेब, जरा दाबून तर बघा!" मास्तर म्हणाले, "पुढे शाळा आहे." शाळा दीड किलोमीटर पुढे होती. शिवाय रस्त्यात मांजर आडवं आलं तेव्हा मास्तरांचा पाय पोचायच्या आत गाडीनं आपणहून ब्रेक लावला. मास्तर खट्टू झाले. "हे तर माझंच काम करतंय," ते पुटपुटले. "मग मी कशाला?"

परत आल्यावर त्यांनी खिशातून परीक्षेचा छापील तक्ता काढला. शिकाऊ माणसाला गुण द्यायचा तक्ता, त्यावर त्यांनी गाडीला गुण दिले. ब्रेक, वळण, आरसे, सगळीकडे पैकीच्या पैकी. मग मागची सीट तपासायला स्वतः आत शिरले आणि अडकले. गुडघे हनुवटीला टेकलेले, मान वाकडी. दुकानदारानं आणि गाड्या पुसणाऱ्या बाईनं मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं. तरी मास्तर कपडे झटकत म्हणाले, "आमची ही बुटकी आहे. बसेल."

दुसऱ्या दिवशी ते जुनी बघायला गेले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना एकमजली इमारतीत, मागे गाड्यांचं मोकळं आवार. बाई पंधरा वर्षांपूर्वी मास्तरांकडेच शिकलेल्या. क्लच जड, टप हातानं ओढायचा, कुठेही स्क्रीन नाही की टूंटूं नाही. मास्तरांनी हीसुद्धा पस्तिसावर चालवली, तक्त्यावर निम्म्या ठिकाणी नापास केली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "डॉक्टर, चालवताना मला दोन्हींत फरकच कळला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तर, उठा. बाजूला बसा." आणि त्यांनी गाडी गावाबाहेरच्या वळणाच्या रस्त्यावर अशी काही काढली, की पहिल्याच वळणावर मास्तरांच्या पायानं चटईला भोक पडायचं बाकी राहिलं. दुसऱ्या वळणावर त्यांनी दाराची मूठ पकडली. तिसऱ्या वळणावर मास्तर हसायला लागले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. थांबेचनात.

"जमतंय ना मला?" बाईंनी विचारलं. "तुमचीच शिकवण. किती चुका केल्या मी, पण तुमचा आवाज कधी चढला नाही. घरी सांगायचे मी, यांची बायको किती सुखात असेल."

मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं.

घरी बायको जेवायच्या टेबलावर एक भिंतीवरचं घड्याळ उघडून बसली होती. मास्तरांनी दोन्ही तक्ते तिच्यापुढे ठेवले. तिनं डोळ्यावरचं भिंग न काढताच वाचले. "जुनीला निम्म्या ठिकाणी नापास केलंय. मग चेहरा का असा?"

"जुनीच आवडली," मास्तर म्हणाले. "पण घ्यायची नवी."

"का?"

"तुला मागे बसायला जागा आहे."

बायकोनं भिंग काढलं. त्यांच्याकडे बघितलं. म्हणाली, "ठीक आहे. रविवारी जाऊन बसून बघते."

बोलायची ती वेळ होती. मास्तरांनी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा टाकू का?" आता या माणसाला काय म्हणावं!

रविवारी दोघं दुकानात गेली. दुकानदारानं पुढची सीट वाकवून वाट करून दिली. बायकोनं पर्स छातीशी धरली, वाकली, आणि त्या खोबणीत शिरली. मास्तर चालकाच्या जागेवर बसले आणि त्यांनी सवयीनं आरसा नीट केला. आरशात ती दिसली. मान एका बाजूला कलती, गुडघे आवळलेले, तोंडावर तेच पॅसेंजरचं हसू. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आपली बायको, हिला आपण कुठे कोंबलंय!

"माझं चुकलं," ते आरशाकडे बघत म्हणाले.

"काही नाही साहेब, सीट पुढे घेता येते," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" तीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांचा आवाज चढला. मग ते पूर्ण मागे वळले. "त्या दिवशी चौकात मी बोललो ते चुकलं. तुझ्या हातांबद्दल जे बोललो ते तर साफ खोटं होतं. माझे हात लटपटत होते, म्हणून तुला बोललो. तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली आणि नंतर सवय झाली."

दुकानदाराला एकदम बाहेर कुणीतरी बोलावतंय असं वाटलं आणि तो गेला.

बायकोचे डोळे भरून आले. "तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं मी तुमच्या मानेकडे बघत बसले, आज बोलतील, उद्या बोलतील. मानेवरचे केस पांढरे झाले तुमच्या, तरी बोलला नाहीत." तिनं पर्समधून रुमाल काढायचा प्रयत्न केला, पण कोपर हलेना. "आधी मला इथून बाहेर काढा. रडायलासुद्धा जागा नाही मेल्या गाडीत!"

रडता रडता दोघं हसली. त्यांनी हात दिला, तिनं तो घट्ट धरला आणि बाहेर आल्यावरही सोडला नाही.

"ती दुसरी कुठे आहे?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यामागच्या आवाराचं फाटक उघडून दिलं. रविवार, त्यामुळे आवार रिकामं. बायकोनं लाल गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावून "हं, हे खोलता येईल," असं घड्याळवालीच्या थाटात म्हणाली. मास्तर बाजूच्या सीटचं दार तिच्यासाठी उघडून उभे राहिले. ती त्यांच्याकडे न बघता पुढून वळसा घालून गेली आणि चाकामागे जाऊन बसली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाजूला बसले, पायाशी चाचपलं. ब्रेक नव्हता.

पहिल्यांदा गाडी हिसका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. डॉक्टरीणबाई भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बायकोचे हात चाकावर थिजले. तिनं मास्तरांकडे बघितलंच नाही, ती वाट बघत राहिली.

"छान," मास्तर म्हणाले. आवाज घोगरा निघाला, पण निघाला. "क्लच जडच आहे. टाचेवर जोर दे. आपल्याला कुठे जायचंय? दिवस पडलाय सगळा."

चौथ्यांदा गाडी सरकली. सरकली, पुढे गेली, आवाराच्या टोकाला पोचली, वळली. बायकोचे हात चाकावर स्थिर होते. दुसऱ्या फेरीला तिनं न सांगता गिअर बदलला. पाचव्या फेरीला मास्तरांच्या लक्षात आलं, की आपले दोन्ही पाय सीटखाली दुमडलेले आहेत.

गाडी भिंतीशी थांबवून तिनं किल्ली फिरवली. कपाळावरचा घाम पुसला.

"ही घ्या," ती म्हणाली. "आणि उद्या शिकवणी किती वाजता?"

क्लास तर दुसऱ्याच्या हवाली केला होता. पण मास्तरांनी छातीच्या खिशातली वही काढली, पहिलं कोरं पान उघडलं आणि तिचं नाव लिहिलं. "सातला."

"साडेसहाला," बायको म्हणाली. "मला परीक्षा द्यायचीय."