मुक्तासाठी गिरगावच्या वर्गात दोन दिवस

या प्रवासाचं कारण सांगताना थोडा संकोच वाटतो. महाडजवळच्या एका शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गात मुक्ता आहे, आठ वर्षांची. तिला ऑटिझम आहे, म्हणजे ती स्वमग्न आहे. ती उत्तर देत नाही म्हणून मी अधिकाधिक बोलत गेले. एक दिवस तर हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. ती किंचाळत पळाली ती थेट रस्त्यावर.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर विशेष शाळेचं बघू." ती शाळा लांब, म्हणजे पोरीला वसतिगृहात ठेवायचं. मुक्ताच्या आईने मला एवढंच विचारलं, "तुमच्याकडून खरंच होणार नाही का?"

त्या संध्याकाळी मी गिरगावातल्या नीलिमाताईंना फोन केला. एका ऑनलाइन प्रशिक्षणात आमची ओळख झाली होती. त्यांच्या वर्गात अशी तीन मुलं बाकीच्यांबरोबरच शिकतात. त्या म्हणाल्या, "ऐकून काय कळणार? येऊन बसा."

गुरुवारी सकाळची एसटी पकडली. वडखळला पोटभर खाऊन घ्या, पुढे गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही. परळला उतरले तेव्हा दुपार झाली होती. मुक्काम लालबागला, आतेबहिणीकडे. तिच्या सासूबाई मालवणच्या. दारातच म्हणाल्या, "दमलंस गो, आधी च्याय घे."

शुक्रवारी साडेसहालाच बेस्टची बस धरली. लवकर निघालात तर गिरगाव अर्ध्या तासात येतं.

नीलिमाताईंच्या वर्गात भिंतीवर चित्रांची पट्टी होती: प्रार्थना, भाषा, डबा, गणित, घर. एक तास संपला की त्याचं चित्र पट्टीवरून काढून ठेवायचं. घंटेआधी पाच मिनिटं त्या पिवळं कार्ड दाखवत, म्हणजे आवाजाने कुणी दचकत नसे. मागे एका कोपऱ्यात सतरंजी होती. असह्य झालं की तिथे जाऊन बसायची मुभा सगळ्यांनाच.

त्या तीन मुलांपैकी एक ईशा, तिच्याशेजारी मी बसले. "पाच आणि तीन किती? सांग बघू. बोटं मोज. हे बघ, पाच..." ईशाने कान दाबले आणि ती बाकाखाली शिरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नीलिमाताई हळू आवाजात म्हणाल्या, "ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती, तोवर तुम्ही आणखी तीन वाक्यं टाकलीत."

"मग काय करू?"

"एकदाच विचारा. मग गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा."

ईशा बाहेर आल्यावर मी एकदाच विचारलं. गप्प बसणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. माझे नऊ झाले तेव्हा खिडकीकडे बघतच ती म्हणाली, "आठ."

म्हणजे माझ्याकडे न बघताही ती ऐकत होती. मुक्ताची हनुवटी आठवली आणि मान खाली गेली.

शनिवारी एक मुलगा वीस मिनिटं रडत होता. पट्टी, सतरंजी, कशाचाच उपयोग झाला नाही. "कालची युक्ती आज चालेलच असं नाही," नीलिमाताई म्हणाल्या आणि त्याच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या.

शाळा सुटल्यावर आम्ही थालीपीठ-लोणी खाल्लं, मग मी दादरला गेले. पुठ्ठा, वेलक्रो, लॅमिनेशन हे सगळं स्टेशनजवळच्या गल्ल्यांत मिळतं. दुकानदाराने विचारलं, "प्रोजेक्ट आहे का मॅडम?" मी मुक्ताबद्दल सांगितलं, तशी त्याने वेलक्रोचे चाळीस छोटे तुकडे कापून दिले. रविवारी परतले आणि सोमवारी आमच्या वर्गात तशीच चित्रांची पट्टी लावली.

पहिल्या आठवड्यात मुक्ताने दोन चित्रं फाडली. मुख्याध्यापकांकडे मी मार्चपर्यंतची मुदत मागितली. ते नाखुशीने हो म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात मी तिला वजाबाकी विचारली आणि थांबले. मागून एकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर शेजारची म्हणाली, "थांब रे, ती शोधतेय." अख्खा वर्ग थांबला. मुक्ताने बरोबर उत्तर दिलं.

आता जानेवारी आहे. मुक्ता अजूनही मध्येच उठते, पण व्हरांड्यापर्यंत जाऊन परत येते. तिच्या आईशी बोलताना आता मला नजर चुकवावी लागत नाही. शिकवणं म्हणजे बोलणं, असं मी सोळा वर्षं धरून चालले होते. ते काही दोन दिवसांत सुटत नाही. गेल्या सोमवारी शेवटचं गणित समजावताना वेळ टळून गेली. मुक्ता उठली, तिने भिंतीवरून गणिताचं चित्र काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"संपलं," ती म्हणाली.

मी खडू खाली ठेवला.