लाखेचं पाकीट आणि मरळ

माझ्या भावाला चोर म्हणणारा माणूस कधीचाच मेला.
मी त्याला अजून सोडलेलं नाही.

आज सकाळी लहानू गेला. माझा धाकटा भाऊ.
डोळे पुसते आणि दात-ओठ खाते. दोन्ही एकदमच चाललंय, समजून घ्या.

आम्ही चांद्याजवळच्या सावली गावाकडचे ढिवर, मासे धरणारे. तलावात डोंगे निघाले की लहानू पाळीवर, तलावाच्या बांधावर उभा राहून हाका द्यायचा. "तू डावीकडं घे! तू थांब!"
जाळ्यात जाळं कधी अडकू दिलं नाही.
बाबाची शिस्त त्याला पाठ होती. गळक्या डोंग्याला आधी किनारा. बाकीचे मग.

चांद्याला मॅट्रिक झाला. पेपरात जाहिरात वाचली. नागपूरच्या विमानतळावर टॉवरमध्ये बसून विमानांना वाट द्यायची नोकरी.
मला म्हणाला, "बाई, हे तं मी पाळीवर रोजच करून राह्यलो ना!"

अर्जाला गावातल्या वजनदार माणसाकडून चालचलनाचा दाखला लागायचा. मालगुजाराची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती. पण सुंभ जळला तरी पीळ कायम.
मालगुजार हसला. "ढिवराचं पोट्टं इमानायले वाट दाखवते? मंग मासे का मी धरू?"
तरी दाखला दिला. पाकिटात, लाख लावून. "सायेबच उघडन."

आम्ही भोळे! बाबाने त्याला तलावातली सगळ्यात मोठी मरळ नेऊन दिली. मी पाया पडले.

इंटरव्ह्यूत साहेबाने पाकीट फोडलं आणि लहानूलाच वाचून दाखवलं.
मुलगा सराईत मासेचोर आहे.

आमची बदनामी आम्हीच जपून, पिशवीत घालून नागपूरला नेली होती.

लहानूचं एक वर्ष गेलं. तो गप्प बसला. मी नाही.
मी तेव्हा अंगठाछाप. त्याच वर्षी त्याची जुनी पुस्तकं घेऊन चुलीपुढं अक्षरं गिरवली. मनात एकच, एक दिवस या माणसाला आपण कागद लिहायचा. लाख लावून.

दुसऱ्या वर्षी हेडमास्तरांच्या दाखल्यावर लहानू लागला. शिकला, टॉवरवर बसला.

पुढं एकदा मी त्याच्याकडं नागपूरला होते. डबा देताना मीच सांगितलं, "आज तो मालगुजार बंबईच्या इमानानं येऊन राह्यला."
दुपारी दोन विमानं यायची होती. मुंबईचं मागे होतं. त्याचं एक इंजिन बंद पडलं.
लहानूने पुढच्याला वरच थांबवलं. मुंबईचं आधी उतरवलं.

घरी आल्यावर मी भांडले. "काऊन उतरवलं त्याले आधी? दोन चकरा तं माराले लावाच्या!"
"बाई, डोंगा गळून राह्यला होता."
"अंदर कोन हाय, मालूम होतं ना तुले?"
"होतं."
आणि जेवत राहिला.

मी ताट सारलं.

गावी आले. आयुष्यातला पहिला कागद लिहिला. लाख लावली. वर एक मोठी मरळ घेतली आणि मालगुजाराच्या ओसरीवर गेले. चार पाहुणे बसलेले.
"का आनलं वं?" म्हणत त्याने हसत हसत पाकीट फोडलं. पाहुण्यांची करमणूक म्हणून मोठ्याने वाचायला लागला.

"तुमचं इंजिन बंद पडलं तेव्हा दुसऱ्याला थांबवून तुम्हाला आधी उतरवलं, तो सराईत मासेचोर..."

तिथे तो वाचायचा थांबला.
एक पाहुणा म्हणाला, "वाचा ना मालक, पुढं का हाय?"
मी जागची हलले नाही. "माझा भाऊ" एवढंच उरलं होतं. ते त्याच्याकडून वाचून घेतलं.

मरळ परत आणली. तशी चवदार मरळ पुन्हा खाल्ली नाही.

लहानू गावी आला, त्याला हे कळलं, तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. "बाई, हे बरं नाई केलं."
बरं नसेल. मला बरं वाटलं.

लहानू, तू माफ केलंस. ती तुझी शिस्त. माझ्याकडून ते होणार नाही. वर तो दिसलाच तर सांग, बाई येऊन राह्यली म्हनावं.

नंबर खरं तर माझा होता. मी मोठी.
पण तुझा डोंगा गळत होता.

जा बापा. आधी किनारा तुला.