तलावाच्या पाळीवर भरलेली शिक्षण परिषद

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका शाळेत मी बदलून आलो, तेव्हा नोकरीला सहा वर्षं झाली होती आणि आपल्याला शिकवता येतं याबद्दल मला शंका नव्हती. विषय इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. मी चंद्रपूर शहरात वाढलो. धानाचं शिवार आणि गावतलाव बसच्या खिडकीतून पाहिलेले, तेवढेच.

प्रशिक्षणंही भरपूर झाली होती. तालुक्याच्या सभागृहात गट पाडायचे, चार्ट पेपरवर मुद्दे लिहायचे, दुपारी जेवायचं आणि चारच्या बसने परत. त्यांना नावं ठेवत नाही, काही चांगल्या गोष्टी मी तिथेच ऐकल्या. पण दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहणारा मी आदल्या आठवड्यातलाच असायचो.

आसपासच्या शाळांचं मिळून जे आमचं केंद्र होतं, त्यातल्या दुसऱ्या शाळेत एक ज्येष्ठ शिक्षिका होत्या. सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. केंद्रातले शिक्षक दर महिन्याला जमतात त्या शिक्षण परिषदेत एकदा त्या उठल्या आणि म्हणाल्या की आपण एकमेकांच्या वर्गात जाऊन बसू या. अहवाल नाही, गुण नाहीत, नुसतं बसायचं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी मान जरा उशिरा खाली गेली, त्यांची नजर माझ्यावर पडली आणि मी हो म्हणून बसलो. दुसरं कुणीच तयार झालं नाही.

केंद्रप्रमुखांची परवानगी काढून त्या एका दुपारी माझ्या सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. मुलांना मी गावाचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. एकेकाला टेबलाशी बोलावून तपासत होतो. एका मुलीच्या नकाशात कागदभर तलाव होता. गाव एका कोपऱ्यात चिमटीएवढं, आणि शाळा नव्हतीच. तलावात रेघा ओढून आठ-दहा नावं लिहिलेली. मी वही उंच धरून विचारलं, हा गावाचा नकाशा आहे की तलावाचा? वर्ग हसला. लाल पेनाने मी त्यावर काट मारली, 'प्रमाण चुकले' असं लिहिलं आणि वही परत दिली. ती वही मिटून जागेवर गेली.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. खरं सांगायचं तर मला कौतुकाची अपेक्षा होती. मॅडमनी एवढंच विचारलं, "सर, त्या पोरीनं तलावात नावं लिवली होती, ते तुम्ही वाचले काय?"

मी वाचली नव्हती. मला रागच आला. पाठ प्रमाण आणि दिशा यांचा आहे, असं काहीतरी मी म्हणालो. त्या वाद घालायला बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मीबी तीस वर्षं असंच केलं. म्हणून तर तुमाले विचारून राह्यली."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे वही मागितली. पान फाडलेलं होतं. पुन्हा काढशील का म्हटलं, तर ती खाली पाहत म्हणाली, "नाई सर, चुकला होता तो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला फार लागलं. माझ्या शब्दावर तिने विश्वास ठेवला होता.

मी मॅडमना फोन केला. रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या मुलीच्या घरी गेलो. घर मासेमारी करणाऱ्यांचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरी, एरवी तलाव आणि नदी. तिची आई जाळं वाळत घालत होती. मी सरळ सांगून टाकलं की तुमच्या मुलीच्या नकाशावर मी न वाचताच काट मारली. त्या बाईंनी जाळं तसंच ठेवलं आणि विचारलं, "मंग तुमाले तलाव पाहाचा आहे काय?"

पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत त्यांनी सगळा तलाव दाखवला. उन्हाळ्यात सगळं आटलं तरी कुठे पाणी राहतं. पावसाळ्याच्या तोंडाला, मासे अंडी घालतात तेव्हा, कोणत्या कोपऱ्यात कुणीच जाळं टाकत नाही. कोणाची बैलगाडी रुतली म्हणून कोणत्या जागेला काय नाव पडलं. तलावाच्या मोरीचं दार उघडून पाणी सोडलं की आधी कोणत्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भिजतात आणि तो क्रम गावाने बसून कसा ठरवला. मुलगी आधी आमच्या मागे चालत होती, मग शेजारी आली, आणि एका नावावर तिने आईलाच दुरुस्त केलं. मी पुस्तकातल्या तीन वेगळ्या धड्यांत शिकवत होतो ते सगळं एका पाळीवर उभं होतं.

परतताना मी बाईंना विचारलं की हे आमच्या इतर शिक्षकांना सांगाल का. त्या हसल्या. "मी चौथी शिकली. मास्तर लोकायले मी काय शिकवू?"

मॅडम म्हणाल्या, "आमाले जे येत नाई ते."

पुढची शिक्षण परिषद तलावावर भरली. केंद्रप्रमुख नाखूश होते, पण शेवटी त्यांनी कागदावर 'परिसर भेट' असं लिहून वाट मोकळी केली. वीसेक शिक्षक आले. बाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या आणि पदर सावरत पाळीवर उभ्या राहिल्या. मग हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एका गुरुजींनी, त्या कोपऱ्यात जाळी काऊन नाहीत, असं विचारलं आणि त्या बोलू लागल्या. मध्येच दोघांनी मोबाइलवर चित्रण सुरू केलं, तशा त्या गप्प झाल्या. मॅडमनी सगळ्यांचे मोबाइल पिशवीत ठेवायला लावले. मग जवळजवळ दोन तास आम्ही ऐकत होतो. मूळचे कुरखेड्याकडचे एक सर जाताना म्हणाले की आमच्या गावात मोहफुलं वेचायच्या जागा अशाच ठरलेल्या आहेत, आणि मी हे आजवर वर्गात कधी काढलं नाही.

फार मोठं काही घडलं असं नाही. पाच-सहा जण एकमेकांच्या वर्गात बसू लागले, त्यातले दोघे लवकरच थांबले. त्या मुलीने मात्र दिवाळीनंतर, कोणी न सांगता, नवा नकाशा आणला. पाळ तिने पावलांनी मोजली होती, शंभर पावलं म्हणजे कागदावर एक बोट. प्रमाण म्हणजे काय, हे त्या वर्गाला तिने समजावलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मला त्यांचे आभार मानायचे होते, पण गर्दीत जमलं नाही. नंतर घरी जाऊन मानले. त्या म्हणाल्या, आभार त्या बाईचे माना. तेही मी केलं. बाईंनी मला ओंजळभर सुके झिंगे बांधून दिले.

आता मी गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीजवळच्या शाळेत आहे. मुलं घरी गोंडी बोलतात, मला चार शब्द येतात. शेजारच्या वर्गावर इथलीच एक तरुण शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात मी तिला माझ्या तासाला येऊन बसायला सांगितलं. ती संकोचली, सर तुम्ही मोठे आहात म्हणाली, पण आली. तास संपल्यावर तिने हळूच सांगितलं की 'वनोपज' हा शब्द ऐकून मुलं गप्प झाली, नाहीतर तेंदू, मोह, डिंक यांतलं त्यांना सगळं ठाऊक आहे. आणखीही दोन चुका सांगितल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या आणि तिला पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं.