पदराच्या गाठीतला ओवा

धुळ्याहून पाचोऱ्याला एसटीने माहेरून सासरी निघाले होते. मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा पोट आखडून रडत होता आणि अख्खी गाडी मला सल्ले देत होती. शेजारची बाई तेवढी गप्प होती. तिने सावकाश पदराची गाठ सोडली. आत भाजलेला ओवा आणि बाळंतशोपा.

मी घाबरले. "आम्ही त्याला बाहेरचं काही देत नाही हो."

ती हसली. "लेकरूले नही वं माय, तुले शे. तू खाय, दूधमा उतरी."

माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवून तिने मुलाला आपल्या हातावर पालथा घेतला आणि पाठ थोपटू लागली. थोपटता थोपटताच विचारलं, "सकायपाईन काही खादं का?"

मी नाही म्हटलं. पिशवीतून नागलीचा लाडू निघाला. तो संपेपर्यंत तिने माझ्यावरची नजर हटवली नाही. मुलगा केव्हाच ढेकर देऊन झोपला होता.

भडगावला ती उतरून गेली. नाव विचारायचं राहिलंच.

घरी सासूबाईंनी विचारलं, "गाडीत कुणी बाळाला काही खायला नाही ना घातलं?"

"नाही," मी म्हटलं. "मला घातलं."